‘माझ्या हातून मोडलं’ म्हणताना

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या पत्रकात माझ्या नावापुढे ‘स्त्रिया आणि अवजारे’ असा विषय लिहिला आहे. विषय मोठा आहे. श्रमविभागणी, सामाजिकीकरण, तंत्रशिक्षण अशा सगळ्या शब्दांना त्यात जागा आहे. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेताना हे शब्द मी पानापानांनी लिहिले आहेत. पण आज मी एका जुन्या गाडीबद्दल, आणि खरं तर त्या गाडीच्या इंजिनातल्या चौदा मिलिमीटरच्या एका भोकाबद्दल बोलणार आहे. ते भोक मी स्वतःच्या हातांनी खराब केलं. पुढे ते दुरुस्त झालं. मधल्या दिवसांत जे झालं ते तुमच्यापुढे ठेवावं असं वाटलं.

आधी एक कबुली देते. गाडी असणं ही आजही आपल्यातल्या बहुतेकींच्या आवाक्यातली गोष्ट नाही. तेव्हा ‘हिच्याकडे गाडी आहे, हिला काय’ असं कुणाच्या मनात आलं तर ते बरोबरच आहे. पण माझ्या गोष्टीत गाडीच्या जागी शिलाई मशीन, पिठाची गिरणी, हातपंप, सासऱ्यांची सायकल, काहीही घालून बघा. मला वाटतं, फारसा फरक पडणार नाही.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी. १९८६ची. वडिलांनी जुनीच विकत घेतली होती. तरुण मुलींसाठी सांगते, ही गाडी आपल्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. मूळ इटलीची फियाट ११००. तिच्या आधीच्या, पन्नासच्या दशकातल्या गुबगुबीत मॉडेलला आपल्याकडे लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. नाव राणीचं, पण तिचं बोनेट उघडण्याचा मान सहसा पुरुषांचाच. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणजे हीच गाडी. २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस त्यातली शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता ज्यांच्या घरी ही गाडी उरली आहे, ते ती हौसेनं किंवा मायेनं सांभाळतात.

आमच्याकडे माया होती. वडील दर रविवारी सकाळी गाडीपाशी बसायचे. प्लग काढून साफ करणं, पॉइंटला पॉलिश पेपर मारणं, कार्बोरेटर धुणं, ऑइल बघणं. भाऊ शेजारी बसून पाने द्यायचा. मी बॅटरी धरायची. ‘इथे उजेड दे’ एवढंच माझं काम. वर्षानुवर्षं मी त्या इंजिनावर उजेड पाडला, पण त्याला हात लावला नाही.

त्या गाडीवर दोन डाग आहेत. पहिला पुढच्या डाव्या मडगार्डवर. भाऊ चौदा वर्षांचा असताना त्याच्या हातून ब्रेक ऑइलचा डबा तिथे कलंडला. ब्रेक ऑइल रंग खातं. ते सांडलं की लगेच भरपूर पाणी ओतायचं असतं. त्यानं फडक्यानं खसाखसा पुसलं, त्यामुळे ते आणखी पसरलं आणि रंगाला फोड आले. वडील म्हणाले, ‘‘शिकतोय. हात चालवल्याशिवाय कसं कळणार?’’ हा किस्सा आमच्या घरी पाहुण्यांना हसत हसत सांगितला जायचा.

दुसरा डाग मागच्या दारावर. आईनं एकदा दिवाळीच्या आधी हौसेनं गाडी धुतली. बादलीची कडी लागून वीतभर लांब चरा पडला. वडील म्हणाले, ‘‘तुला कुणी सांगितलं होतं?’’ बस, एवढंच. वडील वाईट नव्हते. आवाजही चढवला नाही. पण आईनं त्यानंतर गाडीला कधी हात लावला नाही. दार उघडायचं तरी ती वडिलांची वाट बघायची. चऱ्याचा किस्सा कुणी कधी सांगितला नाही.

गाडी एकच. नुकसान म्हणाल तर भावाचं जास्त. तरी एकाच्या चुकीला ‘शिकणं’ म्हटलं गेलं आणि दुसरीच्या चुकीला ‘आगाऊपणा’. हे मला दिसायला पंचवीस वर्षं लागली.

तीन वर्षांपूर्वी वडील गेले. भाऊ परगावी. गाडी विकावी असं नातेवाइकांचं मत पडलं. आई म्हणाली, ‘‘राहू दे.’’ मग मीच एका रविवारी बोनेट उघडलं. गाडी सुरू व्हायला कुरकुर करत होती, म्हणून चारही प्लग काढले. काजळीनं काळे झाले होते. तारेच्या ब्रशनं घासले, पेट्रोलनं धुतले, वाळवले, परत बसवायला घेतले. तीन नीट बसले. चौथा केबिनच्या बाजूचा. तिथे हात नीट पोचत नाही. मी प्लग बॉक्स पान्यातच अडकवला आणि थेट पान्यानंच आत सारला. दीडेक फेऱ्यांत तो जड जायला लागला. मला वाटलं, गंज असेल. वडील जोर लावायचे ते आठवलं. मी टॉमी लावली आणि अंगाचा भार टाकला.

पाना एकाएकी हलका झाला. ज्यांनी कधी स्क्रू जास्त पिळला आहे त्यांना हा हलकेपणा माहीत असेल. प्लग नुसताच गरागरा फिरत होता. बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत चंदेरी तार गुंडाळल्यासारखा धातू अडकलेला. आटे गेले होते.

काय झालं ते सांगते, कारण यातच माझी चूक आहे. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनिअमचं असतं आणि प्लग पोलादाचा. पोलाद कठीण, ॲल्युमिनिअम मऊ. प्लग तिरका लागला की तो हेडमधल्या आट्यांतून न जाता त्यांना कापत स्वतःची वेगळी वाट काढतो. तो जड जातो तेव्हा गंज नाही, हेडच आपल्याला ‘थांब’ सांगत असतं. मी ते ऐकलं नाही. जोर म्हणजेच कौशल्य, अशी माझी समजूत होती. बॅटरी धरताना मला वडिलांचा जोर दिसला होता. जोराच्या आधी ते बोटांनी काय करायचे ते दिसलं नव्हतं, कारण ते त्यांच्या हाताआड व्हायचं.

आता पुढचं ऐका. मी बोनेट बंद केलं, हात धुतले आणि आईला सांगितलं, ‘‘झालं काम.’’

मी कौटुंबिक समुपदेशन केंद्रात काम करते. रोज बायकांना सांगते, लपवू नका, बोला. आणि माझ्या हातून एक भोक बिघडलं तर मी तीन दिवस गप्प. दुसऱ्या दिवशी नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉनची पांढरी पट्टी आणून प्लगला गुंडाळली आणि कसाबसा बसवला. तिसऱ्या दिवशी गाडी सुरू केली तर फट् फट् असा आवाज आणि जळका वास. नळातलं पाणी वेगळं आणि सिलिंडरमधला स्फोट वेगळा. शिवाय प्लगची उष्णता आट्यांमधूनच हेडमध्ये उतरत असते. आटेच नसतील तर दाबही धरत नाही आणि उष्णताही जात नाही. नशीब की मी लगेच बंद केली. असा प्लग बंदुकीच्या गोळीसारखा उडू शकतो. म्हणजे पहिलं नुकसान अपघातानं झालं, पण दुसरं मी लपवण्यासाठी करायला निघाले होते.

मी कुणाला भीत होते? वडील तर नव्हते. आई रागावणारी नाही. मला ऐकू येत होतं ते एकच वाक्य, ‘तुला कुणी सांगितलं होतं?’ ते माझ्याशी कधी कुणी बोललंही नव्हतं. आईला म्हटलेलं मी उचलून ठेवलं होतं.

इथे मला आमच्या केंद्रातलं सांगायलाच हवं. बाई पहिल्यांदा येते तेव्हा आम्ही विचारतो, त्या दिवशी काय झालं होतं? उत्तरं अशी असतात: मिक्सर जळाला, दूध उतू गेलं, मोबाइल हातातून पडला, त्याच्या स्कूटरला चरा पडला. आम्ही ते ‘तात्कालिक कारण’ म्हणून लिहितो आणि पुढे जातो. बरोबरच आहे, मारहाणीचं कारण मिक्सर नसतो. घरगुती हिंसाचाराच्या २००५च्या कायद्यानं तर अपमान आणि हिणवणं यांनाही हिंसा म्हटलं आहे. पण त्या प्लगनंतर मी आणखी एक प्रश्न विचारायला लागले: ‘‘त्यानंतर त्या वस्तूला तुम्ही पुन्हा हात लावलात का?’’ बहुतेकजणी मान हलवतात. नाही लावला. मार थांबतो, कधी नवराही सुटतो, पण ती वस्तू सुटलेलीच राहते. घरातल्या एकेका वस्तूवरून बाईचा हात असा निघत जातो आणि शेवटी तिच्या हाती उरतं ते न मोडणारं काम. पोळ्या, भांडी, धुणं. त्यातही चूक होतेच, पण त्याला ‘दुरुस्ती’ म्हणत नाहीत.

चौथ्या दिवशी मी आईला सांगितलं. तिनं विचारलं, ‘‘किती मोठं भोक?’’ मी बोट दाखवलं. ती म्हणाली, ‘‘एवढंच ना. मिस्त्रीला दाखव.’’ भावाला फोन केला. तो म्हणाला, ‘‘हेड गेलं. मी म्हटलं होतं, विकून टाका.’’

पहिल्या गॅरेजमध्ये माझ्याशी कुणी बोललंच नाही. सोबत शेजारचे काका होते, सगळं त्यांना सांगितलं गेलं. हेड बदलावं लागेल, नवं मिळत नाही, भंगारातल्या टॅक्सीचं बघू. काका मान डोलवत होते. त्यांना स्वतःला स्कूटरही येत नाही.

दुसरे मिस्त्री म्हातारे, सगळं आयुष्य टॅक्सीवर गेलेलं. त्यांनी भोकात उजेड टाकून पाहिलं आणि विचारलं, ‘‘कुणी केलं?’’ खरं सांगते, ‘भावानं’ हा शब्द ओठावर आला होता. भावाचं नाव घेतलं असतं तर ते हसून पुढे गेले असते. मी म्हटलं, ‘‘मी.’’ त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, ‘‘हातानं लावला होता की पान्यानं?’’ ‘‘पान्यानं.’’ ‘‘तरीच.’’ बस. चुकीबद्दल कुणी एवढं साधं बोलू शकतं, हे मला नवीन होतं. ‘कुणी’ या प्रश्नावर ते अडकले नाहीत, ‘कसं’ यावर आले. आपल्या समुपदेशनात तरी आपण हे किती वेळा करतो?

उपाय सोपा निघाला. त्याला हेलिकॉइल म्हणतात. जुने आटे कापून भोक जरासं मोठं करायचं, त्यात नवे आटे पाडायचे आणि स्टेनलेस स्टीलच्या तारेची स्प्रिंग त्यात फिरवून बसवायची. त्या स्प्रिंगच्या आतल्या बाजूला मूळ मापाचे आटे तयार होतात. म्हणजे जुना प्लगच परत बसतो, आणि हे आटे ॲल्युमिनिअमपेक्षा पक्के असतात.

मी म्हटलं, मला बघायचं आहे. त्यांनी नुसतं बघू दिलं नाही, टॅप माझ्या हातात दिला. टॅप म्हणजे आटे पाडायचं हत्यार. त्याच्या खाचांत दाबून ग्रीस भरलं, म्हणजे कापलेला धातूचा किस त्याला चिकटतो, इंजिनात पडत नाही. पिस्टन वरच्या टोकाला नाही ना, ते पाहिलं. मग अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, मधून मधून टॅप बाहेर काढून पुसायचा, नवं ग्रीस लावायचं. टॅप सरळ चालला आहे की नाही ते दोन बाजूंनी वाकून बघायचं. घाई केली तर तेच पुन्हा. मग स्प्रिंग बसवली, तिच्या टोकाची छोटी दांडी मोडून चिमट्यानं बाहेर काढली. शेवटी प्लग न लावता स्टार्टर फिरवला, म्हणजे उरलासुरला किस हवेच्या दाबानं बाहेर पडतो. तेवढ्या वेळात माझ्या पाठीला रग लागली, पण मी जागची हलले नाही.

हेड उतरवायलाही लागलं नाही. बिघाड मोठा असता तर ते उतरवून लेथवर न्यावं लागलं असतं. तसं झालं असतं तरी आभाळ कोसळलं नसतं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. प्लग आधी बोटांनी लावायचा, हे मिस्त्रींनी शिकवलं होतं. हात पोचत नसेल तर पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवायचा आणि नळीनं फिरवायचा. प्लग तिरका लागला तर नळी घसरते, आटे वाचतात. आई ऐकत होती. म्हणाली, ‘‘बरणीचं झाकण नाही का आपण आधी उलटं फिरवून बघत? टक् करून खाली बसतं, मग सुलट फिरवायचं. तिरकं लागलं तर लोणचं जातं.’’

मी थक्क झाले. पुढच्या रविवारी करून पाहिलं. प्लग आधी उलटा फिरवला, ‘टक्’ जाणवलं, मग सुलट. अलगद आत गेला. पुढे मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, ‘‘असंच करतात.’’ म्हणजे जी युक्ती माझ्या आईच्या बोटांत लोणच्याच्या बरण्यांनी पन्नास वर्षं मुरवली होती, तीच इंजिनाला लागते. वडिलांनी आईला कधी विचारलं नाही. मीही विचारलं नव्हतं. आपल्या हातांना काही येत नाही असं नाही. आपल्या हातांना जे येतं त्याचं नाव तांत्रिक ज्ञान नाही, एवढंच.

आई आता मेकॅनिक झाली असं सांगून मी टाळ्या घेणार नाही. तिचे गुडघे दुखतात. पण गेल्या दिवाळीआधी तिनं गाडी धुतली. मागच्या दारावरच्या चऱ्यावर फडकं फिरवताना म्हणाली, ‘‘हा माझा.’’ मी म्हटलं, रंगवून घेऊ का? तर नको म्हणाली.

आता आपल्या कामाचं बोलू.

बायकांना अवजारं शिकवण्याचे प्रयोग आपल्या देशात झाले आहेत. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमातून नव्वदच्या दशकात खेड्यातल्या दलित, आदिवासी स्त्रिया हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. ज्या पंपाला त्यांनी हात लावला तर विटाळ मानला जायचा, त्याचे पाइप त्यांनी वर ओढून काढले. आपल्या परभणीच्या शीला डावरे १९८८ पासून ऑटोरिक्षा चालवत होत्या. तेव्हा प्रश्न ‘बायकांना जमेल का’ हा राहिलेला नाही. त्याचं उत्तर केव्हाच मिळालं आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. बाईच्या हातून मोडलं तर काय? तो दिवस आपण धरून चालतो का? आपल्या प्रशिक्षणाच्या अंदाजपत्रकात प्रवासखर्च असतो, चहा असतो, बॅनर असतो. मोडतोडीसाठी एक ओळ नसते. म्हणून पहिला पाना घसरला की प्रशिक्षकाच्या कपाळावर आठी येते, आणि ती आठी शिकणारीला बरोबर ओळखता येते. आयुष्यभर तिनं तेच ओळखलेलं असतं. दुसऱ्या दिवशी ती येत नाही. आपण अहवालात ‘गळती’ असं लिहितो.

म्हणून माझ्या अनुभवातून चार गोष्टी सुचवते.

पहिली. अवजारांची पेटी उघडण्याआधी सगळ्यांसमोर म्हणायचं, ‘यातलं काहीतरी आपल्या हातून मोडणार आहे.’ आणि त्यासाठी पैसे बाजूला ठेवायचे. ‘मोडतोड निधी’ असं स्वच्छ नाव लिहायचं.

दुसरी. सुरुवात बोटांनी. थंड इंजिनावर. नवा प्लग बोटांनी पूर्ण बसला की पान्यानं साधारण अर्धा फेरा पुरतो. जड गेलं तर थांबायचं, मागे फिरवायचं, बघायचं. थांबणं म्हणजे घाबरणं नाही.

तिसरी. मोडलं तर त्याच दिवशी सांगायचं. ऐकणारीनं ‘कुणी’ विचारलं तर विचारू दे, पण लगेच पुढे ‘कसं’ विचारायचं.

चौथी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती. जिच्या हातून मोडलं, तिच्याच हातानं दुरुस्ती व्हायला हवी. निदान ती तिथे उभी हवी. गुपचूप कुणी दुरुस्त करून आणलं तर वस्तू नीट होते, बाई होत नाही.

गटात परत गेल्यावर या महिन्याच्या बैठकीत एकच करा. प्रत्येकीनं सांगायचं, घरातली कुठली वस्तू माझ्या हातून मोडली आणि त्यानंतर मी तिला हात लावला नाही. हसायचं नाही, उपदेश करायचा नाही. यादी करा. त्या यादीतून तुमच्या पुढच्या प्रशिक्षणाचा विषय निघेल, आम्ही शहरातून पाठवायची गरज पडणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत बाहेर गाडी बघायला या. आणली आहे. चौथा प्लग कुणाला काढून लावायचा असेल तर रबरी नळी डिकीत आहे. इंजिन तोवर थंड झालेलं असेल.